मळीचा रस्ता, कडुलिंबाची भट्टी

रस्त्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक आठवणी विचारत नाहीत, खड्डे विचारतात. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा पहिल्याच घासाला म्हणतो, "तुम्ही बांधकाम खात्यात होता ना? मग आमच्या वस्तीच्या रस्त्याचं तेवढं बघा की." मी निवृत्त आहे, हे सांगून उपयोग नसतो. खड्डा निवृत्त होत नाही तोवर आम्हीही होत नाही, असा लोकांचा समज आहे.

या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी एका पुलाबद्दल लिहायला बसलो. त्या पुलाचं उद्घाटन झालं होतं, माझ्याकडे फोटोही आहे. दोन पानं लिहिली आणि फाडली. मला लिहायचं होतं ते अर्ध्या किलोमीटरबद्दल. त्याचा फोटो नाही, आणि आता तो रस्ताही नाही.

मी मूळचा कन्हेरीचा. आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, आणि मी डिप्लोमा करून कनिष्ठ अभियंता झालो. आमच्या भागात त्या पदावरच्या माणसाला 'रावसाहेब' म्हणतात. ज्या घराला गावानं पिढ्यान्‌पिढ्या साधं नावानं पुकारलं नव्हतं, त्या घरातला मी पहिला रावसाहेब. तो शब्द कानावर आला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. ही ताठ पाठ पुढे आडवी आली, म्हणून तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक इंदापूरला होती. तेव्हाचं डांबरीकरण आजच्यासारखं यंत्राचं नव्हतं. रस्त्याकडेला लोखंडी भट्टी मांडायची, तिच्यात डांबराची पिंपं रिकामी करायची आणि खालून लाकडं घालून ती उकळवायची. लाकडं ओली असली तर जुने टायर. मग ते डांबर झारीनं खडीवर शिंपायचं, वरून बारीक खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. पायाला गोणपाट बांधलेली बायामाणसं त्या धुरात दिवसभर उभी असत. बारामती ते इंदापूर एसटीनं जाताना तुम्हीही तो धूर पाहिला असेल आणि खिडकी लावून घेतली असेल.

या सगळ्यात कळीची जागा भट्टीची. डांबर कमी तापलं तर खडीला चिकटत नाही, जास्त तापलं तर जळतं आणि रस्ता वर्षभरात उकलतो. तापमान मोजायचं यंत्र आमच्या कार्यालयाच्या कपाटात होतं, कुलपात. कामावर होती हिराबाई.

हिराबाई शेळगावची. तेव्हा पंचेचाळिशीची असेल, दिसायची साठीची. ठेकेदाराच्या टोळीत ती भट्टीवर बसायची. बाभळीची ओली काडी डांबरात बुडवायची, ती कशी चरचरते ते ऐकायची, वर येणाऱ्या वाफेचा एक झोत नाकानं ओढायची आणि सांगायची, "आलंय. काढा." किंवा, "अजून कच्चं हाय, दमा जरा." तिचा अंदाज चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. म्हणूनच ठेकेदार तिला भट्टीवरून हलवत नसे. बाकीच्या बाया आळीपाळीनं धुरात जायच्या, हिराबाई कायमची धुरात. कसब अंगाशी येतं म्हणतात ते असं.

तिला खोकला होता. डांबराच्या दिवसांत काळा बेडका पडायचा. एकदा मी म्हणालो, "हिराबाई, दवाखान्यात दाखवा."

"दावलं की. डाक्टर म्हनला, धुरापासून लांब ऱ्हावा. म्या म्हनलं, धुरानंच चूल पेटतीया माझी." मग छातीवर थाप मारून हसली. "आतून बी डांबरीकरण झालंय, रावसायेब. खड्डा न्हाय पडायचा."

मीही हसलो. पण माझे रस्ते टिकतात म्हणून खात्यात माझं नाव होतं, आणि ते टिकत होते या बाईच्या छातीच्या जिवावर. हे मला तेव्हाही कळत होतं.

मळीची कल्पना तिथून आली. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जो काळा, दाट पाक उरतो त्याला आमच्याकडे मळी म्हणतात. कारखान्याच्या फाटकापाशी टँकर भरताना ती सांडायची. गळिताच्या हंगामात सगळ्या रस्त्यांवर गुडघाभर फुफाटा, पण तेवढ्या पट्ट्यात धुळीचा कण उठत नसे. मुरूम नुसता आवळून बसलेला. जुने गवंडी चुन्यात गूळ घालायचे, हे मी लहानपणी ऐकलेलं होतं. मनात आलं, मुरमाच्या रस्त्यावर मळी आणि चुना दिला तर? भट्टी नको, लाकूड नको, धूर नको. सगळं गारच शिंपायचं.

निमगाव केतकीच्या अलीकडे शेळगावकडे जाणारा साडेपाच किलोमीटरचा मुरमाचा रस्ता त्या वर्षी डांबरीकरणाला घेतला होता. मी उपअभियंता साहेबांकडे गेलो. माणूस पुण्याचा, शांत, ऐकून घेणारा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाण्याचं काय?"

"चुन्यामुळे पावसाच्या सरीला टिकेल साहेब. दरवर्षी एक हात फिरवावा लागेल."

"आणि वाहतं पाणी? तुमचा रस्ता पाण्याला घाबरतो का?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी अर्धा किलोमीटर करायला परवानगी दिली. एप्रिलअखेर ते पाहायला येणार, आणि तोवर रस्ता धड राहिला तर उरलेल्या पाच किलोमीटरलाही मळीच वापरायची, असं ठरलं.

मी ही बातमी हिराबाईला जाऊन सांगितली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी भट्टीच लागायची न्हाय?"

"नाही लागायची. तुम्ही झारीवर. गार काम."

"शबूद देताय?"

"शब्द देतो," मी म्हणालो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरातही बोललो नव्हतो. रस्त्याची मापं घ्यायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मी तो सखल भाग पाहिला होता. तिथे दगडूतात्यांची जमीन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती. वरच्या अंगाला पाट, खालच्या अंगाला त्यांचा ऊस. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की तात्या खोऱ्यानं रस्त्यात आडवी चारी पाडून पाणी पलीकडे नेत, भिजवण झालं की मुरूम ओढून बुजवून टाकत. आमच्या भागात याला कुणी गुन्हा मानत नाही. आधी शेत होतं, मग रस्ता आला, असा तिथला न्याय. कन्हेरीत माझे चुलतेही तेच करायचे, मी स्वतः खोरं धरलेलं आहे.

उपाय सोपा होता. तिथे रस्त्याखालून सिमेंटची एक नळी टाकायची. पण त्यासाठी साहेबांकडे पुन्हा जावं लागलं असतं आणि सांगावं लागलं असतं की साहेब, माझा रस्ता वाहत्या पाण्याला घाबरतो. रावसाहेबाला ते जमेना. पुढची पाळी मेमध्ये येईल असा हिशेब मी मनाशी केला. साहेब एप्रिलमध्ये पाहून जातील, मग गुपचूप नळी टाकू.

काम फेब्रुवारीअखेर सुरू झालं. मळी मिळवून दिली ती तात्यांनीच. कारखान्याचे जुने सभासद, त्यांच्या शब्दाला वजन. पण मळी म्हटलं की सरकारला आधी दारू आठवते. तिच्यासाठी परवाना लागतो. एक दिवस मोटारसायकलवरून एक निरीक्षक आले, रस्त्यावर उकिडवे बसले, चिमूटभर मुरूम उचलून हुंगला आणि माझ्याकडे पाहून अतिशय दुःखानं म्हणाले, "सगळी? सगळी रस्त्यालाच घातली?"

दुसरं संकट बैलांचं. उसाच्या गाड्या त्या पट्ट्यावर आल्या की बैल खाली मान घालून उभे राहायचे आणि रस्ता चाटायला लागायचे. मागे गाड्यांची रांग. एक गाडीवान चाबूक आपटत ओरडला, "ओ रावसायेब, ह्यो रस्ता हाय का पेंड?" चुन्याचा वरचा हात बसल्यावर बैलांनी नाद सोडला, मुंग्यांनी मात्र सोडला नाही.

त्या पंधरा दिवसांत हिराबाई झारी घेऊन चालायची. कोपरापर्यंत हात चिकट, लुगड्याला माश्या. "मुंग्या घिऊन घरी जाती म्या," म्हणायची. पण दुपारच्या भाकरीला बसली की तिचा श्वास सरळ चालायचा. एकदा जेवताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "रावसायेब, लिंबाच्या मोहराचा वास येतोय वो. कवाचा आला न्हवता."

त्या रस्त्याच्या दुतर्फा कडुलिंब होते. बहात्तरच्या दुष्काळात तो रस्ता दुष्काळी कामावर झाला, तेव्हा लावलेले. हिराबाई तेव्हा नवी नवरी. खडी फोडून झाली की मुकादम बायांना डोक्यावरून पाणी आणून रोपांना घालायला लावायचा. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, आणि रोपांना घालायचं. "लई शिव्या घातल्या त्या वक्ताला मुकादमाला," ती सांगायची. "आता सावलीत बसलं की वाटतंय, चांगलं केलं त्यानं."

मार्चअखेरपर्यंत तो अर्धा किलोमीटर चिक्कीच्या वडीसारखा कडक आणि तांबूस झाला होता. सायकलवाले मुद्दाम त्या बाजूनं जायचे.

पर्यावरण वगैरे माझ्या डोक्यात तेव्हा फारसं नव्हतं. कार्बन म्हणजे टायपिंगच्या दोन कागदांत घालायचा निळा कागद, एवढंच कार्यालयात माहीत होतं. वातावरण तापतंय असं कधीमधी पेपरात यायचं, ते आतल्या पानावर. आज माझी मुलगी हा विषय कॉलेजात शिकवते. तिला मी फुशारकीनं मळीच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. डांबर जमिनीखालच्या तेलातून येतं, ते उकळायला आणखी धूर. ऊस मात्र वाढताना हवेतलाच कार्बन घेतो, म्हणजे माझा रस्ता किती स्वच्छ, असं माझं म्हणणं.

तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, त्या उसाला पाणी किती लागलं? ते उपसायला वीज कुठली? चुना कुठल्या भट्टीत भाजला? आणि मळी आंबून गेली की तो कार्बन गेला कुठे?" धूर कमी झाला असता हे तिलाही मान्य आहे. पण झाडापासून आलं म्हणजे सगळं सोवळं, असं समजू नका, असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे. मात्र तिच्या हिशेबात हिराबाई नाही, आणि माझ्या मनात तिच्याशिवाय दुसरा हिशेब नाही.

त्या वर्षी उन्हाळा कडक निघाला आणि कालव्याचं पाणी एप्रिलच्या मध्यावरच सुटलं. मला कळलं ते उशिरा. बारामतीला बैठकीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर जाऊन पोहोचलो तर दगडूतात्या खोरं घेऊन रस्त्यात उभे. रस्ता आडवा कापलेला, आणि त्यातून काळपट तांबडं पाणी फेसाळत पलीकडच्या उसात चाललेलं.

"तात्या, काय केलंत हे!"

"रावसायेब, पाळी सुटलीया. काल तुमच्या हापिसात मानूस धाडला हुता, तुमी न्हवता." त्यांचा चेहरा पडलेला होता. "ऊस पार करपाय लागलाय वो. रस्ता पुन्ना करता येतोय, गेलेली पाळी येत न्हाय. मी काय करू, तुमी सांगा."

ज्यांनी मळी मिळवून दिली, त्यांच्याच शेतात ती परत निघाली होती. उसाचा रस्ता ऊसच पिऊन टाकत होता. तात्यांनी संध्याकाळी चारी बुजवली, पण पाणी दोन्ही बाजूंनी आत मुरलं होतं. दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी तीसेक पावलांचा तुकडा उखडून चिखल केला, आणि त्या कडेपासून पुढचाही ढासळत गेला.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. बूट रुतला. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाटाकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं आणि विचारलं, "इथून पाणी जातं हे ठाऊक नव्हतं?"

"पाळी अचानक सुटली साहेब," मी म्हणालो. हे खरं होतं, पण प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

साहेबांनी पूर्ण रस्त्याचं डांबरीकरण करायचं ठरवलं, आणि आता करतोच आहोत तर रुंदही करू म्हणाले. रुंद करायचं म्हणजे कडुलिंब आले. झाडांवर चुन्याचे आकडे पडले. लिलाव झाला, आणि लाकूड घेतलं ते रस्त्याच्याच ठेकेदारानं. त्याला दुसरीकडून जळण आणायला नको, म्हणून तो खूश होता. लिलावाच्या कागदावर सही माझी आहे.

हिराबाई पुन्हा भट्टीवर बसली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. शब्द दिला होता, याची आठवणही करून दिली नाही. मीच भट्टीकडे जायचं टाळायला लागलो. लांबून रोलरपाशी उभा राहायचो. खोकला तिथवर ऐकू यायचा.

तो रस्ता माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला रस्ता झाला. इतकी वर्षं त्याला खड्डा पडला नाही की लोक अजून नाव काढतात. साहेबांनी शाबासकीचं पत्र दिलं. हिराबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. मी मातीला गेलो होतो. तिच्या घरापर्यंत डांबरी रस्ता होता, आमचाच.

आता तिथून एसटीनं जातो तेव्हा उन्हात रस्ता नुसता चमकतो. सावली म्हणून नाही. मुलगी मळीबद्दल विचारत होती, पण झाडापासून आलेलं जे काही त्या रस्त्यात खरोखर गेलं ते मळी नव्हतंच. ते कडुलिंब होते, तेही भट्टीच्या तोंडातून.

एक बोलणं राहिलं. सखल भागापाशी काम आलं त्या दिवसाचं. मला भट्टीकडे जावंच लागलं, कारण तिथे आता नळी टाकायची होती. या वेळी ती आराखड्यात होती, मीच घातली होती, कुणी काही विचारलं नाही. हिराबाई एक जाड ओंडका मांडीवर घेऊन बसली होती. आत घालत नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्यो त्या वळणावरचा. ह्येला लई पानी घातलंय म्या." तिनं सालीवरून हात फिरवला. भट्टीतलं डांबर गार पडत चाललं होतं, पलीकडून झारीवाले हाका मारत होते. तिनं ओंडका आत सारला. धूर वळून तिच्याच तोंडावर आला. खोकून झाल्यावर तिनं नळीकडे बोट दाखवलं.

"ही नळी तवाच टाकाय पायजे हुती, रावसायेब. मला वाटलं हुतं सांगावं. पर म्हनलं, सायेब हायती, त्येंनी बघितलंच आसंल." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. समजूत घातल्यासारखी म्हणाली, "जाऊं द्या. तुमा शिकल्याल्या मानसांना पाटाचं काय ठाव आसतंय."

खरं बोलायला तेवढीच एक वेळ होती. माझे हात खोऱ्याचे होते, पाट मला नोकरीच्या आधीपासून ठाऊक होता.

"व्हय हिराबाई," मी म्हणालो, "ध्यानात आलं नाही."

तिनं मान हलवली आणि बाभळीची काडी डांबरात बुडवली.